मिरचीचे झाड उपटू नका!

जानेवारीतली सकाळ होती. उमरेड-भिवापूर पट्ट्यातल्या एका वस्तीत आम्ही रक्ततपासणीच्या शिबिरासाठी गेलो होतो. विहाराच्या ओट्यावर टेबल मांडत असताना समोरच्या घरातली एक ताई तेलाच्या पिप्यातून मिरचीचे झाड उपटताना दिसली. पाने पिवळी पडून गळालेली, फांद्या नुसत्या काड्या झालेल्या.

“काहून उपटता ताई?”

“मेलं ना बाई ते. थंडीनं गेलं. आता पावसाळ्यात लावू दुसरं.”

आम्ही हातातले सामान खाली ठेवले आणि त्या झाडाच्या बुंध्यावर नखाने हलकेच खरवडले. सालीखाली हिरवेगार होते. झाड मेले नव्हते, थंडीत झोपले होते. ताईने ते पुन्हा पिप्यात लावले, मार्चमध्ये त्याला पांढरी फुले आली आणि होळीनंतर तिने आम्हाला फोन करून सांगितले, “सिस्टर, मेलेलं झाड मिरच्या देऊन राहिलं!”

माता-भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणी दर हिवाळ्यात असे जिवंत झाड फेकून देतात! म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान आम्ही मिरचीला दिले आहे. आरोग्याच्या पानावर मिरची कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या वॉर्डातल्या अनुभवात आहे.

“फळं कुठून आणू, सिस्टर?”

नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन आम्ही अनेक वर्षे रुग्णालयात काढली. बाळंतपणाच्या वॉर्डात आलेल्या बाईचे हिमोग्लोबिन आठच्या खाली दिसले की आम्ही ठरलेले वाक्य म्हणायचो, “लोहाच्या गोळ्या घ्या, पालेभाज्या खा, फळे खा.” एकदा एका मजूर बाईने आम्हाला तिथेच थांबवले. म्हणाली, “गोळ्या तं सरकार देते. पालेभाजी आणीन एखाद्या दिवशी. पण फळं कुठून आणू, सिस्टर?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. नोकरी सोडून वस्तीत काम करायला लागलो, तेव्हाही तो प्रश्न सोबतच होता.

फळे का सांगतात? आपल्या जेवणातले लोह भाकरी, डाळ, पालेभाजी यांतून येते. ते शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच घासासोबत क जीवनसत्त्व पोटात गेले तर शोषण सुधारते. फळे सांगण्यामागे हेही एक कारण आहे. आता हे क जीवनसत्त्व फक्त संत्र्या-मोसंबीतच असते असे नाही. १०० ग्रॅम ताज्या हिरव्या मिरचीत ते साधारण १०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, जातीप्रमाणे कमीजास्त. वजनाला वजन धरले तर लिंबापेक्षा जास्त.

पण इथे आम्ही हातचे राखून बोलत नाही. १०० ग्रॅम मिरची कोणी खात नाही आणि खाऊही नये. दोन-तीन मिरच्या म्हणजे आठ-दहा ग्रॅम, म्हणजे साधारण दहा मिलिग्रॅम. मिरचीने रक्त वाढत नाही, मिरचीत लोह भरपूर आहे असेही नाही. मिरची एवढेच करते की भाकरी-भाजीतले लोह वाया जाऊ नये म्हणून थोडा हात लावते. तिच्यासोबत सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि अर्धे लिंबू आले की तो हात बळकट होतो. रोजच्या जेवणात बिनपैशाने एवढे होत असेल तर ते सोडायचे कशाला?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिला रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. म्हणजे विहारात आपण वीसजणी बसलो असू, तर त्यातल्या दहा-अकराजणींच्या अंगात रक्त कमी असण्याची शक्यता आहे. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि इतर महिलांचे १२ च्या खाली गेले तर तो रक्तक्षय. धाप लागणे, डोके जड होणे, संध्याकाळी पाय ओढत चालणे याला आपण “कामाचा थकवा” म्हणतो आणि सोडून देतो.

हात मिरचीत, ताटात मिरची नाही

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या भागात मिरचीचे सातरे चालतात, म्हणजे वाळलेल्या लाल मिरचीचे देठ खुडण्याच्या उघड्या जागा. तिथे बसणाऱ्या बहुतेक बाया भूमिहीन घरांतल्या असतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत देठ खुडायचे, किलोवर पैसे घ्यायचे. बोटांची आग, नाकात ठसका, डोळ्यांत पाणी. चंद्रपूर-गडचिरोलीकडची कितीतरी कुटुंबे हिवाळा संपता संपता मिरची तोडायला तेलंगणात जातात.

त्या हातांमधून पोत्यांनी मिरची जाते. घरी मात्र हिरवी मिरची बाजारातून पाच-दहा रुपयांची यायची, आणि आठवड्याच्या शेवटी पैसे संपले की तिखटाची पूड पाण्यात कालवून भाकरी व्हायची. वाळवलेल्या, कुटलेल्या मिरचीत क जीवनसत्त्व फारसे उरत नाही. तिखट तेवढे उरते.

शेत नाही म्हणून मिरची नाही, असे आपल्या आया-आजी मानत आल्या. पण मिरचीच्या झाडाला शेत लागत नाही. एक पिपा, दोन टोपली माती आणि चार-पाच तासांचे ऊन लागते. आणि आपण हिवाळ्यात उपटले नाही, तर ते दोन-तीन वर्षे जगते.

मिरची एका हंगामाची नाही

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली. तिच्या नेहमीच्या जातीचे शास्त्रीय नाव ‘कॅप्सिकम ॲन्युअम’. ॲन्युअम म्हणजे एका वर्षाची. युरोपातल्या थंडीत ती वर्षभरात मरत असे म्हणून हे नाव पडले. खरे तर उबदार प्रदेशात ती बहुवर्षायू झुडूप आहे. खोड लाकडासारखे टणक होते आणि दरवर्षी नवी फूट येते. शेतकरी एका हंगामात काढून टाकतो, कारण दुसऱ्या वर्षी उत्पादन घटते, रोग वाढतात आणि शेत दुसऱ्या पिकाला हवे असते. आपल्याला पिप्यातल्या झाडाकडून पोतेभर मिरची नको आहे, रोजच्या दोन-चार हव्या आहेत. म्हणून शेतातला हिशेब घरच्या पिप्याला लावू नये.

आकाशाकडे तोंड करून येणारी बारीक लवंगी मिरची तर याहून चिवट. ज्यांना झाड जास्त वर्षे ठेवायचे आहे त्यांनी एक तरी लवंगीचे लावावे. कमी तिखट हवी त्यांनी लांब हिरवी मिरची लावावी. ‘पुसा ज्वाला’ ही जुनी, ओळखीची जात कुंडीतही चांगली येते.

भांडे, माती आणि बी

भांडे कोणतेही चालेल, पण वीतभराहून खोल हवे. एका झाडाला दहा-बारा लिटरचे भांडे पुरते. तेलाचा पिपा, फुटकी बादली, मागच्या उन्हाळ्यातला गळका माठ, भंगारात जायची कुलरची टाकी, सिमेंटची झटकून धुतलेली गोणी, सगळे उपयोगी पडते. एकच भांडे कधीही वापरू नका: कीटकनाशकाचा डबा. कितीही धुतला तरी नाही.

भांड्याच्या तळाला चार-पाच भोके पाडा, त्यांवर खापराचे तुकडे ठेवा. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग रेती असे मिश्रण भरा. आपल्याकडची काळी माती नुसती भरली तर पावसात चिखल होतो आणि उन्हात तडे जातात, म्हणून रेती विसरू नका. ताजे शेण घालू नका, त्याने मुळे जळतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बी टाका. बाजारच्या पाकिटाची गरज नाही. घरातल्या देशी, पूर्ण लाल झालेल्या, निरोगी मिरचीचे बी घ्या. संकरित मिरचीचे बी उगवेल, पण झाड आईसारखे होईलच असे नाही. आठ-बारा दिवसांत कोंब दिसतो. रोप बोटभर उंचीचे आणि पाच-सहा पानांचे झाले की, म्हणजे आषाढ पौर्णिमेच्या आसपास, मोठ्या भांड्यात लावा. एका भांड्यात एकच झाड. पहिली दोन-चार फुले खुडून टाका, म्हणजे झाड आधी अंग धरते. लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत हिरव्या मिरच्या तोडायला मिळतात.

पावसाळ्यात दोन गोष्टी सांभाळा

पहिली गोष्ट डास. कुंडीखाली ताटली ठेवू नका. ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास उडतो. मिरची लावली आणि घरात डेंग्यू आणला, असे व्हायला नको. आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळी भांडी तपासा, पाणी ओता, कोरडी करा.

दुसरी गोष्ट फवारणी. पाने आक्रसून वाटीसारखी झाली की तो चुरडा-मुरडा किंवा बोकड्या. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो. अशा वेळी घरचा माणूस शेतातून आणलेले कपाशीचे उरलेले औषध झाडावर मारायला बघतो. हात जोडून सांगतो, हे करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. ते औषध अंगणातल्या झाडावर, लेकरांच्या हाताशी, आणि तीच मिरची संध्याकाळी ताटात? नको.

निंबोळ्या कुटून ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा टाकून पानांच्या खालच्या बाजूने शिंपडा. आठवड्याने पुन्हा करा. शिंपडल्यावर दोन-तीन दिवस मिरची तोडू नका आणि तोडल्यावर धुऊन घ्या. एवढे करूनही सगळे झाड आक्रसलेलेच राहिले तर ते विषाणूचे दुखणे समजा. असे झाड हिवाळ्यात जगवण्याच्या भानगडीत पडू नका, उपटून दूर टाका, नाहीतर पांढरी माशी ते दुखणे शेजारच्या झाडावर नेईल.

आणखी एक. खर्रा घोटलेल्या हाताने मिरचीला हात लावू नका. तंबाखूवरचा एक विषाणू हाताला लागून मिरचीच्या झाडावर जाऊ शकतो. आधी साबणाने हात धुवा. खर्राच सोडला तर झाडही वाचेल आणि तोंडही.

थंडीत झाड मरत नाही, आपण मारतो

विदर्भात दिवसा ऊन असते पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात तो चार अंशांच्याही खाली गेला होता. रात्री पंधरा अंशांच्या खाली गेल्या की मिरचीची वाढ मंदावते आणि फुले गळतात. दहाच्या खाली गेल्या की पाने पिवळी पडतात. खोड आणि मुळे मात्र जिवंत राहतात.

आमच्या महिला मंडळाने पहिल्या वर्षी विहारामागे नऊ झाडे लावली होती. थंडीत पाने गळायला लागली तशी आम्ही घाबरलो. रोज पाणी घातले, वरून खत घातले. फेब्रुवारीपर्यंत सहा झाडे गेली. उपटून पाहिले तर मुळे काळी, कुजलेली. थंडीने एकही मेले नव्हते, आमच्या काळजीने मेली होती. वॉर्डात एवढी वर्षे काढलेल्या आम्हाला हे आधी कळायला हवे होते. ज्याला भूक नाही त्या रुग्णाला आपण जबरदस्तीने भरवतो का? पाने नसलेले झाड पाणी ओढत नाही. पाणी मातीतच राहते आणि गार चिखलात मुळे कुजतात.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही असे करतो:

१. ६ डिसेंबरच्या सुमारास तयार झालेल्या सगळ्या मिरच्या तोडून घ्या. पिकलेली फळे झाडावर ठेवली की झाडाची ताकद त्यांत जाते. खाली पडलेली पाने आणि तण काढून टाका, त्यांत किडी लपतात.

२. भांडी अशा भिंतीला लावून ठेवा जिच्यावर दुपारचे ऊन पडते. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. उत्तरेकडचा उघडा वारा लागू देऊ नका.

३. भांडे गार फरशीवर किंवा स्लॅबवर टेकवू नका. खाली दोन विटा किंवा फळी ठेवा. पत्र्याचा पिपा लवकर गार पडतो, त्याला बारदाना गुंडाळा.

४. पाणी तोडा. बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहा. आत कोरडे लागले तरच सकाळी तांब्याभर पाणी द्या. बहुधा चार-सहा दिवसांनी एकदा लागते. संध्याकाळी पाणी नको.

५. खत बंद. युरिया तर अजिबात नको. छाटणीही या दिवसांत नको.

६. ज्या रात्री कडाका असेल त्या रात्री चार काड्या रोवून त्यांवर जुने सुती लुगडे टाका. प्लास्टिक पानांना चिकटू देऊ नका. सकाळी आठनंतर ऊन आले की काढा.

७. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर उन्हाच्या वेळी पाण्याच्या धारेने धुऊन टाका.

झाड जिवंत आहे का, ही शंका आली की नखाची परीक्षा करा. साल हलकेच खरवडा. खाली हिरवे असेल तर जीव आहे. वर तपकिरी असेल तर थोडे खाली पाहा. बुंध्यापर्यंत कोरडे तपकिरी लागले तरच उपटा.

कोकणात आणि मुंबईत एवढी थंडीच नसते, तिथे झाडे हिवाळाभर मिरच्या देत राहतात. निफाडकडे थंडी आमच्याइतकीच, तिथे हेच करा. आपल्या ज्या लेकी विलायतेत, अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडे बर्फात झाड बाहेर टिकणार नाही. त्यांनी बर्फाआधी झाड छाटून, किडी धुऊन, घरात खिडकीजवळ दहा अंशांच्या वर राहील अशा जागी ठेवावे. पाण्याचा नियम तोच.

माघ पौर्णिमेनंतर छाटणी

रात्रींचा कडाका गेला की, साधारण माघ पौर्णिमेच्या आसपास, चाकू गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन घ्या. वाळलेल्या काड्या काढा. जिवंत फांद्या डोळ्याच्या थोड्या वर कापून झाड वीत-दीड वीत उंचीचे ठेवा. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना चाकू पुन्हा धुवा. इंजेक्शनची सुई आपण एकाची दुसऱ्याला वापरत नाही, तसेच हे. मग वरची दोन बोटे माती काढून तिथे गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत दोन मुठी घाला आणि पाणी हळूहळू वाढवा.

दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. रोपापासून सुरुवात केली तर लावणीनंतर दोन-अडीच महिने थांबावे लागते. जगवलेल्या झाडाची मुळे तयार असतात, म्हणून छाटणीनंतर महिना-दीड महिन्यात फूल धरते. मार्चमध्ये हाताशी मिरची येते.

एप्रिल-मे मध्ये मात्र आपले ऊन तिला सोसत नाही. चाळिशीपार पारा गेला की फुले पुन्हा गळतात. तेव्हा फळाची आशा धरू नका, फक्त झाड जगवा. दुपारी सावली द्या, हिरवी जाळी नसेल तर जुनी चादर बांधा. मातीवर कुटार किंवा वाळलेली पाने पसरा. सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. मृगाचा पाऊस पडला की झाड पुन्हा उठते आणि दुसऱ्या वर्षाचे सर्वात चांगले पीक तेव्हा येते. तिसऱ्या वर्षानंतर फळे बारीक होऊ लागली की त्याच झाडाचे बी धरून नवे लावा.

खायची कशी, कोणी जपायचे

क जीवनसत्त्व उष्णतेने नासते. म्हणून फोडणीतल्या मिरचीचा तिखटपणा मिळतो, जीवनसत्त्व कमी मिळते. दोन मिरच्या, मूठभर सांबार, थोडे शेंगदाणे किंवा भाजलेले जवस, मीठ, आणि वाटल्यावर अर्धे लिंबू. ही कच्ची चटणी जेवतेवेळी ताजी वाटा. सोबत चवळी, हरभऱ्याची किंवा तांदुळजाची भाजी असेल तर उत्तम. जेवणाआधी किंवा नंतर तासभर चहा नको, चहा लोह अडवतो. लोहाच्या गोळीसोबतही चहा नको, लिंबूपाणी चालेल.

आम्लपित्त, अल्सर, मूळव्याध किंवा फिशर असणाऱ्यांनी तिखट टाळावे. त्यांनी लिंबू, आवळा, पेरू, जे मिळेल ते घ्यावे. लहान लेकरांना तिखट चटणी देऊ नका, लिंबू पिळून वरण द्या. मिरची वाटल्यावर हाताची आग पाण्याने जात नाही, कारण तिखटाचा अंश तेलात विरघळतो. आधी हाताला तेल चोळा, मग साबणाने धुवा. मिरचीचे हात धुतल्याशिवाय बाळाला पाजायला घेऊ नका, डोळ्याला लावू नका. डोळ्यात गेलेच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. सातऱ्यावर बसणाऱ्या बहिणींनी नाका-तोंडाला ओला रुमाल बांधावा.

विदर्भात आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पान पुरे होणार नाही. आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. रक्त कमी आहे म्हणजे लोहच कमी आहे असे धरून चालू नका. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, ती एकदा करून घ्या. आणि थंडीचा कडाका या रुग्णांना वेदना देऊ शकतो. ज्या रात्री झाडावर लुगडे टाकाल, त्या रात्री घरातल्या सिकलसेलच्या लेकराच्या अंगावरही जास्तीचे पांघरूण टाका आणि त्याला भरपूर पाणी पाजा.

त्या ताईचे पुढे काय झाले

सुरुवातीला सांगितलेल्या ताईचे त्या शिबिरात हिमोग्लोबिन ७.८ निघाले होते. सिकलसेलची तपासणी झाली, ती नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. आधीही दोनदा तिला गोळ्या मिळाल्या होत्या, पण पोटात मळमळते म्हणून तिने त्या फडताळात ठेवल्या होत्या. या वेळी आम्ही दर आठवड्याला तिच्या ओट्यावर बसलो. गोळी जेवणानंतर घ्यायला लावली, चहा मागे सरकवला, ताटात कच्ची चटणी आली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.६ झाले. ते गोळ्यांनी वाढले, हे आम्ही तिला स्पष्ट सांगितले. पण दर आठवड्याला तिच्या ओट्यावर जायला आम्हाला त्या मिरचीच्या झाडाचे निमित्त होते. झाड पाहायला गेलो की गोळ्यांचे पाकीटही पाहता यायचे.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या गल्लीतल्या दोन कुटुंबांना मिरची तोडायला तेलंगणात जायचे होते. जाताना त्यांनी आपले पिपे ताईच्या भिंतीला लावून ठेवले. ताईने चार-पाच दिवसांनी बोट घालून माती पाहिली, रात्री लुगडे टाकले, पौर्णिमेनंतर छाटणी केली. ती कुटुंबे परत आली तेव्हा झाडांवर मिरच्या लटकत होत्या. दुसऱ्याच्या शेतातली मिरची तोडून आलेल्या बाईने आपल्या घरची पहिली मिरची तोडली आणि हसत हसत कचकन दाताखाली घेतली.

आमची विनंती एवढीच. या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा दोन कामे करा. कोणाच्या अंगणात वाळलेले मिरचीचे झाड उभे आहे ते पाहा आणि त्याची साल नखाने खरवडा. आणि ज्या बहिणीला जिना चढताना धाप लागते, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा. आत पांढरट दिसली तर तिला हाताला धरून आरोग्य केंद्रात न्या. दोघींनाही वेळेवर पाहिले तर दोघीही जगतात.